आधी फोटो उलटा करून बघा : जुन्या मुंबईच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

घरातले जुने फोटो बाहेर काढा आणि अडेल तिथे विचारा असं आम्ही म्हटलं, तर तुम्ही लोकांनी खरंच काढले की हो. माळ्यावरच्या ट्रंका, देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेली पाकिटं, लग्नाचे अल्बम, सगळं बाहेर आलंय आणि निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच, "ताई, हा फोटो कधीचा?" आणि सोबत फोटोची फक्त पुढची बाजू. मागची बाजू पाठवायचं कुणाच्या मनातच येत नाही, आणि अर्धी माहिती तर तिथेच असते! असो. या वेळी सगळी मुंबईचीच पत्रं घेतलीत, नाशिक-साताऱ्याच्या मंडळींनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, नुसता भाग दिलाय.

ताई, माझ्या आजोबांचा दादर टीटीला ट्रामसमोर उभं राहून काढलेला फोटो आहे. बाबा म्हणतात १९६६ सालचा, आत्या म्हणते १९५०चा, आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत. मागे एका हॉटेलची पाटी आहे, त्यावर चहाची किंमत "न.पै." मध्ये लिहिलेली भिंगातून दिसते. फोटो चौकोनी आहे, कडेला पांढरी बॉर्डर. – वाचक, दादर पूर्व

अहो तुम्ही स्वतःच उत्तर लिहून पाठवलंय आणि वर विचारताय!

बाबांचं आधी बघू. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, बोरीबंदर ते दादर, आणि ती बघायला रस्त्यावर अक्षरशः जत्रा होती. म्हणजे १९६६ बाद, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. आता आत्या. "न.पै." म्हणजे नये पैसे, ते आले १ एप्रिल १९५७ ला, त्याआधी सगळा कारभार आणे-पैचा. त्यामुळे १९५० पण बाद. राहिलं काय, तर एप्रिल १९५७ ते मार्च १९६४ मधली सात वर्षं, आणि आजोबांचं वय, त्यांची नोकरी कधी लागली, चष्मा कधी लागला हे घरात विचारलंत तर हा काळ अजून आवळता येईल. "नये" हा शब्द सरकारने १ जून १९६४ पासून काढून टाकला आणि नुसते पैसे राहिले, पण हॉटेलवाला काय लगेच पाटी बदलत नाही, त्यामुळे पाटीवरून नेहमी सुरुवातीची तारीख धरायची, शेवटची नाही. शेवटची तारीख इथे ट्रामने दिली.

फोटो चौकोनी आहे म्हणून कुणी तुम्हाला सांगेल की हा आग्फा क्लिक थ्रीचा, म्हणजे साठच्या दशकातलाच. तो कॅमेरा तेव्हा घराघरात होता हे खरं, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, पण तसे चौकोनी फोटो देणारे दुसरे कॅमेरे त्याच्या आधीपासून होते, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका.

बाकी ज्यांच्याकडे ट्रामचे फोटो आहेत त्यांच्यासाठी सांगून ठेवते. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. फोटोत ट्रामला घोडे जुंपलेले दिसले तर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या पुढे जाऊच नका. आणि एक गंमत, रस्त्यावर तारा दिसल्या म्हणजे ट्राम असं नाही. मुंबईत १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस पण धावायची, गोवालिया टँक ते माझगावच्या बाजूला, तिला टायर असायचे आणि डोक्यावर दोन दांड्या. लोक तिलाच ट्राम समजून "ट्राम १९७० पर्यंत होती, मी स्वतः बसलोय" असं छातीठोकपणे सांगतात. बसले असतील, पण ट्रॉलीबसमध्ये.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "गेटवे ऑफ इंडिया, १९०५" असा फोटो फिरतोय, बाजूला ताज पण दिसतंय. खरा आहे का? – वाचक, चेंबूर

फोटो खरा असेल, साल खोटं. ताज हॉटेल १९०३ मध्ये उघडलं, पण गेटवे बांधून पूर्ण झालं १९२४ मध्ये आणि ४ डिसेंबर १९२४ ला त्याचं उद्घाटन झालं. पायाभरणी ३१ मार्च १९११ ची. ज्या पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी हे सगळं केलं म्हणतात तो डिसेंबर १९११ मध्ये बोटीतून उतरला तेव्हा तिथे दगडी कमान नव्हतीच, तात्पुरता मंडप उभा केला होता. त्यामुळे ताज आहे आणि कमान नाही असा फोटो मिळाला तर तो १९०३ च्या नंतरचा आणि कमान पूर्ण व्हायच्या आधीचा, हे बिनधास्त सांगायचं.

असे खुंटे मुंबईत भरपूर आहेत. काळा घोडा चौकात घोड्याचा पुतळा आणि त्यावर राजा एडवर्ड (सातवा) बसलेला दिसला तर फोटो १९६५ च्या आधीचा, कारण मग तो पुतळा राणीच्या बागेत नेला, आणि घोडा आहे पण स्वार नाही असं असेल तर तो २०१७ मध्ये बसवलेला नवा घोडा. फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारकाची मशाल दिसली तर १९६१ च्या नंतरचा. गाडीची नंबर प्लेट एमएच ०१, एमएच ०२ अशी, म्हणजे एमएच आणि पुढे दोन आकडे, असेल तर १९८९ च्या नंतरचा. ग्रुपवर हे लिहून टाका, पण आठवड्याने तोच फोटो तेच साल लावून परत येणार याची तयारी ठेवा.

पणजोबांचा एक फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, खाली सोनेरी अक्षरात स्टुडिओचं नाव, मागे दोन मेडलची चित्रं आणि काळबादेवी रोडचा पत्ता. पणजोबा उघड्या अंगाने सोवळं नेसून पाटावर बसलेत. पण जानवं नेहमीसारखं डाव्या नाही, उजव्या खांद्यावर आहे. आमचे एक नातेवाईक म्हणतात हे श्राद्धाच्या वेळचं आहे. असं असेल का? – वाचक, गिरगाव

श्राद्ध सोडून स्टुडिओवाल्यासमोर कोण जाऊन बसेल हो? आणि तेव्हा फोटोवाल्याला घरी बोलवायचं म्हणजे खर्चाचं काम, ते कुणी पितरांच्या दिवशी करणार नाही. माझ्या मते फोटो उलटा छापला गेलाय, म्हणजे आरशात दिसतो तसा डावा-उजवा बदललेला. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने ठेवून छापली की असं होतं, किंवा मूळ फोटोवरून पुढे कुणीतरी कॉपी काढून घेतली तेव्हा झालं असेल. खात्री करायला फोटोत अजून काहीतरी शोधा. कानात भिकबाळी असेल तर ती उजव्या कानात असायला हवी, तुमच्या फोटोत ती डाव्यात दिसते का बघा. जवळ पोथी असेल तर भिंगातून अक्षरं बघा. कपडे घातलेले फोटो असले की पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी आणि हातातलं घड्याळ या दोन गोष्टींवरून पटकन कळतं. आणि घरात त्याच बैठकीतला दुसरा फोटो असेल तर काय, प्रश्नच मिटला.

आता पुठ्ठा. मोजून बघा, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच असेल तर त्याला कॅबिनेट कार्ड म्हणतात, ही फॅशन विलायतेत १८६६ च्या सुमारास सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. त्याहून लहान, अडीच बाय चार इंचाचा असेल तर तो त्याच्याही थोडा आधीचा प्रकार. मागची मेडलं नुसती शोभेची नसतात. स्टुडिओला कुठल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं की तो ते पुठ्ठ्यावर छापून घ्यायचा, आणि बऱ्याचदा मेडलच्या गोलात साल कोरलेलं असतं, अगदी बारीक. मोबाईलने जवळून फोटो घ्या आणि मोठा करून बघा. ते साल म्हणजे तुमची खालची मर्यादा, फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

पत्त्यावरून वरची मर्यादा काढता येते. मुंबईत दरवर्षी व्यापाऱ्यांची आणि धंदेवाल्यांची नावं-पत्ते देणाऱ्या जाडजूड डिरेक्टऱ्या निघायच्या, तो स्टुडिओ काळबादेवीला कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत होता हे त्यात सापडू शकतं. फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तिथे विचारा, आणि जुनी मराठी मासिकं, त्यातल्या स्टुडिओच्या जाहिराती बघायच्या तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. वेळ लागतो, पण मजा येते.

आणि एवढ्या जुन्या काळात आपल्या माणसाचा फोटो कसा, असं तुम्ही पत्रात लिहिलंय, तर त्यात नवल काही नाही. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर होते. हरिश्चंद्र चिंतामण यांचाही मुंबईत स्टुडिओ होता. साहेबांनी फोटो काढले आणि आपण नुसते समोर बसलो असं मुळीच नाही.

भावाने एका ॲपवर आईच्या आईचा लग्नातला फोटो रंगीत करून आणला. शालू निळा आलाय. मावशी म्हणते लालच होता. भाऊ म्हणतो एआय चुकत नाही. – वाचक, ठाकुरद्वार

मावशीचं ऐका.

ॲपला रंग माहीत नसतो हो, ते अंदाज लावतं. आणि जुन्या फोटोंत तर त्याची हमखास फसगत होते, त्याचं कारण असं की आधीच्या काळातल्या काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असायच्या. लाल वस्तू काळीकुट्ट यायची आणि निळी वस्तू पांढरट. म्हणून जुन्या फोटोंत आकाश नेहमी कोरं दिसतं आणि बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळ्या टिकलीसारखं. सगळे रंग नीट ओळखणारी फिल्म हळूहळू सगळीकडे आली, पण विसाव्या शतकाची पहिली काही दशकं तरी जुनाच माल चालू होता. तेव्हा शालू फोटोत गडद काळा दिसत असेल तर तो लाल असण्याचीच शक्यता जास्त.

हाताने रंगवलेले स्टुडिओतले फोटो असतात ते वेगळे, तिथे रंगवणारा गिऱ्हाइकाला विचारून रंग भरायचा, निदान साडीचा तरी, गाल मात्र सगळ्यांचेच गुलाबी. रंगीत करायची हौस असेल तर करा, पण मूळ ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन वेगळा ठेवा आणि रंगीतवर "रंग अंदाजाने" असं लिहा. चेहरा "क्लिअर" करणारी ॲप्स तर मला अजिबात पटत नाहीत, ती नाक-डोळे स्वतःच्या मनाने बसवतात, आणि मग नातवंडं एका भलत्याच बाईला पणजी म्हणून नमस्कार करतात.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, मरोळ गावठाणातले. गावाचा इतिहास जमवायचाय. घरोघरी मिळून लग्नाचे, उंबराच्या पाण्याचे (लग्नाआधी विहिरीवरून पाणी आणायचा विधी), विहिरीवरचे बरेच फोटो निघालेत पण जागा कुठली तेच ओळखू येत नाही, सगळीकडे बिल्डिंगा झाल्या. आणि आमची आजी म्हणायची की कुर्ल्याहून अंधेरीला रेल्वे जायची, त्याला सगळे हसतात. कुठून सुरुवात करू? – वाचक, अंधेरी पूर्व

आजीला हसणाऱ्यांना आधी गप्प करू. अंधेरी ते ट्रॉम्बे, कुर्ल्यावरून जाणारी रेल्वे खरंच होती. १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली, म्हणून कुणाच्या लक्षात राहिली नाही. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे म्हणून नोंद आहे तिची. म्हातारी माणसं असं काही विचित्र सांगतात तेव्हा ते आधी टिपून घ्यायचं आणि मग तपासायचं, लोक उलटं करतात, आधी हसतात आणि म्हातारी गेल्यावर टिपायला बसतात.

आता जागा ओळखायचं. घरं बदलतात, पण गावठाणातले क्रूस, विहीर, चर्च, मोठं झाड आणि वाटेचं वळण हे सहसा हलत नाही. क्रूसावर साल कोरलेलं असतं, पुष्कळ क्रूस १८९६ ला प्लेग आला त्या काळात नवसाने उभारलेले आहेत, त्यांच्यावर मराठीत मजकूरही असतो. आधी गावातल्या सगळ्या क्रूसांचे आजचे फोटो काढा, मजकूर उतरवून घ्या, मग जुन्या फोटोंत तेच शोधा. एक क्रूस जरी सापडला तरी फोटो काढणारा कुठे उभा होता, सूर्य कुठल्या बाजूला होता, मागचं घर कुणाचं असणार, हे सगळं तिथून उलगडत जातं. सावलीवरून सकाळ की संध्याकाळ तेवढं तर कळतंच.

मरोळच्या बाबतीत तुमच्या दाराशीच एक मोठी वस्तू आहे. सीप्झच्या, म्हणजे निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या, कुंपणाच्या आत सेंट जॉन द बॅप्टिस्टचं पडकं चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं, १५७९ सालचं. १८४० च्या सुमारास साथ आली म्हणून लोकांनी ती वस्ती सोडली आणि ते मरोळला आले. सीप्झ झालं १९७३ मध्ये, त्यामुळे त्याआधी तिथे मोकळेपणाने जाणारी माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडे त्या पडक्या चर्चपुढे काढलेले पिकनिकचे फोटो असतील तर ते आधी मिळवा, बाकीचं नंतर.

कागदपत्रांचं जरा किचकट आहे, कारण तुमचं गाव मुंबईत फार उशिरा आलं. साष्टी, म्हणजे तुमचं गाव ज्यात येतं ते बेट, आधी पोर्तुगीजांकडे, मग १७३७ पासून मराठ्यांकडे, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. इंग्रजी अमलात ती ठाण्याखाली होती, उपनगर जिल्हा वेगळा झाला १९२० मध्ये, आणि महापालिकेची हद्द तर १९५० आणि १९५७ अशी दोनदा वाढली. म्हणून मुंबईच्या कचेऱ्यांत काही मिळालं नाही की निराश होऊ नका, जुने महसुली कागद ठाण्याच्या नावाने शोधायचे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे अर्ज करून बसता येतं. घरांसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, त्यावर जुन्या मालकांची नावं क्रमाने असतात. आणि तुमच्याकडे चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं आहेत, ही सोय आमच्या हिंदू घरांना नाही! फोटोतल्या नवरानवरीची नावं कळली की रजिस्टरमधून लग्नाची नेमकी तारीख मिळते, म्हणजे फोटोला तारीख मिळाली. फादरना नीट भेटून, काय हवंय ते लिहून द्या, रजिस्टर घरी न्यायला मागू नका.

उंबराच्या पाण्याच्या फोटोंत बायकांची लुगडी, दागिने आणि बँडवाल्यांचे ड्रेस नीट दिसतात, ते मोठ्या स्केलवर स्कॅन करा, सहाशे डीपीआयच्या खाली नको, फोटो अगदी छोटा असेल तर बाराशे.

पावसाळ्यात अल्बममधल्या फोटोंवर पांढरे ठिपके आलेत आणि फ्रेममधला एक फोटो काचेलाच चिकटलाय. ओल्या कापडाने पुसू का? – वाचक, विलेपार्ले

नाही! ओलं कापड, कोलनवॉटर, व्हॅसलीन, कापूस, काही म्हणजे काही लावू नका. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, बुरशी त्यावरच वाढते आणि त्याला खाऊन मऊ करते, वरून पाणी लागलं की चेहऱ्यासकट थर निघून येतो. आधी फोटो कोरड्या जागी पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, उन्हात नाही. ठिपके वाळून पावडरसारखे झाले की मऊ ब्रशने हळूच झटका, गच्चीत किंवा गॅलरीत, नाकातोंडाला रुमाल बांधून. झालं, यापुढचं काम माहितगाराचं.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. आहे तसा काचेसकट स्कॅन करा किंवा फोटो काढून घ्या आणि ती काच तशीच जपा.

ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा कागद असलेले अल्बम ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी घेतले, रंगीत फोटोंसाठी. फार वाईट वस्तू. गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघता निघत नाही. त्यापेक्षा आजीचा काळ्या पानांचा, कोपरे लावलेला अल्बम कितीतरी बरा. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर मुंबईत ती भिंत जूनपासून घाम गाळतच असते, फोटोंचा डबा तिथून हलवा. आणि मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते. दसऱ्याच्या पूजेचा खात्यातल्या सगळ्यांचा ग्रुप फोटो आहे, पंचवीस-तीस माणसं, आम्हाला फक्त वडील ओळखू येतात. मागे स्टुडिओचा शिक्का, "परळ, मुंबई १२". बाकीची माणसं कशी शोधू? – वाचक, काळाचौकी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असा फोटो आज लालबाग-परळच्या किती घरांत असेल, आणि किती घरांत तो गिरण्यांच्या संपानंतर खोली विकताना रद्दीत गेला असेल.

आधी शिक्का. "मुंबई १२" हा जुना पोस्टाचा विभाग, सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तोच १२ पुढे ४०००१२ मध्ये गेला. स्टुडिओवाले रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरायचे, त्यामुळे १९७२ नंतरची चार-पाच वर्षं पण धरून चाला. वडील गिरणीत कधी लागले ते त्यांच्या पीएफच्या किंवा ईएसआयच्या कागदावर असेल, ती तुमची सुरुवातीची मर्यादा. आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर बऱ्याच गिरण्यांचे भोंगे परत नीट वाजलेच नाहीत, म्हणून असा भरलेल्या खात्याचा फोटो त्याच्या आधीचाच समजायचा.

आता माणसं. मुंबईत शोधत बसू नका, गावाला शोधा. गिरणीतली माणसं एकटी आली नव्हती, एकाच्या ओळखीने दुसरा लागायचा, जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम, आपल्या गावच्या माणसांना बदलीत (गैरहजर कामगाराच्या जागी) लावून घ्यायचा, त्यामुळे एका खात्यात एकाच तालुक्याची माणसं भरलेली असायची. वडील कुठले? कोकणातले असतील तर त्यांच्या गावाचं मुंबईतलं मंडळ शोधा, गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांच्या सामायिक खोलीत राहत होते का ते विचारा, त्या खोलीतली माणसं बहुतेक त्याच गिरणीत किंवा शेजारच्या. फोटोच्या कॉप्या प्रत्येकाने घेतलेल्या असतात, आणि संपानंतर ती माणसं गावी परत गेली तेव्हा फोटोही गावी गेले. आजही सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गात एखाद्या घराच्या ओटीवर अशी फ्रेम लटकलेली असू शकते आणि त्यातला एकच माणूस त्या घराला माहीत असतो, तुमच्यासारखाच.

म्हणून असं करा. फोटो मोठा प्रिंट करून घ्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती गोल काढा आणि नंबर टाका. तो नंबरांचा कागद आणि फोटो गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका, शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाल तेव्हा छापील प्रत सोबत न्या आणि म्हाताऱ्यांना दाखवा. "हा कोण" असं विचारू नका, "यात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का" असं विचारा, मग गप्पा सुरू होतात आणि टोपणनावं बाहेर येतात. टोपणनाव पण लिहून घ्या, गिरणीत कित्येकांना खऱ्या नावाने कुणी ओळखतच नव्हतं. कोणाचा तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा नंबर) कुणाला आठवला तर तोही. पुढच्या रांगेत खुर्चीवर टाय लावून बसलेला बहुधा खात्याचा मास्तर असेल, त्याच्या शेजारचा फेटेवाला किंवा कोटवाला जॉबर, आणि जे अगदी कडेला, अर्धे कापले गेलेत, ते बदलीवाले. हा नियम नाही, पण बऱ्याच फोटोंत असं दिसतं.

घरकुलाच्या सोडतीसाठी गिरणी कामगारांच्या वारसांनी कागद जमवले होते, तेव्हा अनेकांकडे वडिलांची तिकिटं, पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्डं निघालीत. त्या कामात फिरलेली माणसं अजून आहेत, त्यांनाही हा फोटो दाखवा. कळलं कुणाचं नाव तर आम्हालाही कळवा, आम्ही फोटो छापू.

आमचं मंडळ गणपतीत "आपली वाडी, जुने फोटो" असं प्रदर्शन लावतंय. लोकांनी फोटो दिलेत पण एक जण म्हणाला स्टुडिओवाल्याची परवानगी लागेल, कॉपीराइट असतो. – वाचक, खेतवाडी

पैसे देऊन स्वतःसाठी स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल तर आपल्या कायद्यानुसार त्याचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे ते घर. त्यामुळे लग्न-मुंजीच्या फोटोंना घरच्यांनी हो म्हटलं की पुरे, फक्त एकाच भावाला विचारून दुसऱ्याला राग येणार नाही एवढं बघा. पेपरात छापून आलेले किंवा कुणा फोटोग्राफरने स्वतःच्या मर्जीने काढलेले फोटो असतील तर मात्र विचारायलाच हवं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो.

दुसरं म्हणजे मूळ फोटो मंडपात लावूच नका. दिव्यांची उष्णता, पाऊस, गर्दी, शिवाय सेलोटेप! स्कॅन करून प्रिंट लावा आणि मूळ फोटो त्याच दिवशी ज्याचे त्याला परत करा, वहीत सही घेऊन. प्रत्येक प्रिंटखाली एक कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा, ओळखणारे लोक नावं लिहून जातील. आणि संध्याकाळी तिथे वाडीतली एखादी बोलकी आजी खुर्ची टाकून बसवा, शेजारी रेकॉर्डिंग चालू करून एक मोबाईल, चार्जर लावलेला.